परड्यातल्या किडीवर घरातल्या पावडरी: कुठली चालते, कुठली अजिबात नको

घेवड्याच्या शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला की आपल्याकडं पहिला हात जातो बंबातल्या राखेकडं, आणि ते बरोबरच आहे, फक्त मूठभर घेऊन भिरकावली तर निम्मी जमिनीवर आणि निम्मी आपल्या डोळ्यात. राख दोन दिवस पूर्ण गार होऊ दे, आत निखारा राहतो. मग चाळा (ती चाळण परत स्वयंपाकघरात नको), जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधा आणि सकाळी दव असताना काठीनं टकटक करत झाडावर पातळ थर बसवा, पानाच्या खालच्या बाजूला पण, कारण मावा बसतो तिथंच. दवामुळं राख पानाला धरते आणि ऊन चढलं की सुकते. आधी एकदा ढालकिडे (लेडीबर्ड) आहेत का बघा, ते आणि त्यांची अळी मावाच खातात, असले तर दोन-चार दिवस काही न करता थांबलेलं बरं.

राख फक्त लाकडाची. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक जाळलं असेल तर ती भाजीवर नको, दगडी कोळशाचीही नको.

आता हे कोण सांगत नाही बघा: राख अल्कली, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाची असते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या जास्त पावसाच्या लाल मातीत आंबटपणा असतो, तिथं थोडी राख चालून जाते, पण अथणी, गोकाककडच्या काळ्या रानात माती आधीच अल्कली, तिथं बुडाशी घमेलंभर ओतलीत तर पानं पिवळी पडायची आणि दोष मात्र किडीला. कुंडीत तर चिमटीनंच.

खायचा सोडा किडीचं औषध नव्हेच. दोडका-काकडीच्या पानावर पिठासारखी भुरी येते, ती बुरशी, तिला सोडा लागतो: १ लिटर पाण्यात १ छोटा चमचा, साबणाचे दोन-तीन थेंब, आधी एकाच पानावर मारून २ दिवस बघा, मग संध्याकाळी फवारा. डोस वाढवला तर पानं करपतात.

हळद मुंग्यांच्या वाटेवर टाकली की थोडा वेळ रांग मोडते, एवढंच. पण मुंग्यांना अडवणं महत्त्वाचं, कारण मावा सोडतो त्या गोड चिकट रसासाठी मुंग्याच त्याला राखत बसतात. बोरिक पावडर वापरणार असाल तर साखरेत मिसळून झाकणात, पोरं-कुत्री पोचणार नाहीत अशा जागी. मातीत सांडू नका, बोरॉन जास्त झालं की झाडच जळतं.

निपाणीकडं तंबाखूचा चुरा फुकट मिळतो म्हणून लोक सर्रास टाकतात. माझं मत, नको. निकोटीन कातडीतून अंगात जातं, मधमाशा मरतात, शिवाय तंबाखूचा मोझॅक व्हायरस टोमॅटो-मिरचीला लागतो तो वेगळाच. मिरचीपूड पण वाऱ्यावर उधळू नका, आणि कुठलीही पावडर टाकताना तोंडाला रुमाल, डोळ्याला चष्मा, फुलोऱ्यावर काही नाही. घरात जुना गॅमॅक्सिनचा डबा पडलाय का बघा, त्यातलं बीएचसी हे कीटकनाशक १९९७ पासून बंद आहे, तो भाजीच्या आसपास पण आणू नका, गटारीत तर ओतूच नका.

जून ते सप्टेंबर या सगळ्या पावडरी वायाच म्हणायच्या, एक सर आली की धुऊन जातात. तेव्हा त्रास गोगलगाईंचा, त्यांच्यावर मीठ टाकायची सवय सोडा, गोगलगाय मरते पण माती खारट होते. संध्याकाळी ओलं पोतं पसरून ठेवा, सकाळी उचललं की खाली गोळा झालेल्या असतात, हातमोजा घालून वेचायच्या आणि बादलीतल्या साबणपाण्यात टाकायच्या. जास्वंदीवरच्या पांढऱ्या मिलीबगला पण पावडर लागत नाही, अंगावर मेणाचा थर असतो त्याच्या, जुना टूथब्रश साबणपाण्यात बुडवून घासून काढा, आणि फांदी फारच भरली असेल तर कापून टाका की सरळ.