ऑनिंग गुंडाळा! पालो ड्युरोला आरव्ही घेऊन जाणाऱ्या नव्या मंडळींसाठी

दर ऑक्टोबरात डॅलसमधलं एखादं नवं मराठी जोडपं फोन करतं, "ताई, आरव्ही भाड्यानं घेतलीय, पालो ड्युरोला चाललोय. काही सांगाल का?" मी सांगते, ते हो-हो म्हणतात, आणि त्यातलं कुणीतरी ऑनिंग मोडून परत येतं. म्हणून आता लिहूनच काढते. आरव्ही म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, आणि पालो ड्युरो म्हणजे टेक्सासमधली अमरिलो शहराजवळची मोठी दरी, तिथे स्टेट पार्क आहे.

आधी तेच. ऑनिंग म्हणजे गाडीच्या कुशीतून बाहेर येणारं कापडी छत. ते उघडं टाकून कुठेही जायचं नाही. अंघोळीला नाही, शेजारी गप्पा मारायला नाही, ट्रेलवर तर नाहीच. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या सकाळी पान हलत नव्हतं. ऑनिंगखाली खुर्च्या मांडून चहा घेतला आणि लाइटहाउस नावाच्या खडकाच्या सुळक्याकडे जाणाऱ्या पायवाटेनं, म्हणजे लाइटहाउस ट्रेलला, निघालो. जाऊन-येऊन सहा मैलांच्या आसपास. परतलो तर ऑनिंग उलटं होऊन टपावर पडलेलं, एक दांडा गुडघ्यासारखा वाकलेला, कापड फाटून फडफडतंय, आणि शेजारच्या साइटवरचे (साइट म्हणजे गाडी लावून मुक्काम करायची जागा) आजोबा ते दोरीनं बांधायची खटपट करतायत. पॅनहँडलचा, म्हणजे टेक्सासच्या या उत्तर टोकाचा, वारा दुपारी कधी उठेल सांगता येत नाही. भाड्याच्या कंपनीनं 1,850 डॉलर लावले. विमा होता, पण त्यात ऑनिंग आणि टप वगळलेलं होतं. सही करण्याआधी ते कलम मी वाचलं नव्हतं, तुम्ही वाचा. त्या वर्षी आमची पुण्याची फेरी हुकली.

आता रस्ता. डॅलसहून अमरिलोपर्यंत साडेतीनशे मैलांच्या वर जावं लागतं, तेही आरव्हीच्या वेगानं, म्हणजे पूर्ण दिवस धरा. पार्क 1934 सालापासून लोकांसाठी खुलं आहे आणि दरीत उतरणारा रस्ता त्याच दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या महामंदीतल्या सरकारी रोजगार योजनेच्या पोरांनी बांधला. उतार 10 टक्क्यांचा, वर वळणं. खंडाळ्याच्या घाटात जुने ड्रायव्हर सांगायचे ते इथे जसंच्या तसं लागू: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय दाबून बसलात तर खाली पोचेपर्यंत वास येतो. ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायची आरव्ही) ओढत असाल तर त्याचे ब्रेक वरच, सपाटीवर तपासून घ्या. खाली रस्ता नदी ओलांडतो. पाऊस झाला असेल आणि रस्त्यावर पाणी दिसलं, तर थांबा.

ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. शेपूट जिकडे न्यायचंय तिकडे हात न्या. आणि हात दाखवायला एकच माणूस! आपल्याकडे चौघं चार बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" करतात आणि पाचवा व्हिडिओ काढतो.

बुकिंग पाच महिने आधी उघडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल बघा. जूनमध्ये जाऊ नका. दरीच्या तळाशी पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो आणि लाइटहाउसच्या वाटेवर सावली जवळपास नाहीच.

एका साइटवर आठ माणसं, हा नियम आहे. "आम्ही सहा कुटुंबं, दोन साइट घेतल्या, रात्री कोण मोजतंय" असं म्हणणारे मला भेटलेत. मोजतात. कॅम्प होस्ट म्हणून तिथेच मुक्कामाला असलेलं निवृत्त जोडपं मोजतं, आणि हसतमुखानं मोजतं. रात्री दहानंतर शांतता पाळायची. स्पीकरवर गाणी नकोत, आणि उघड्यावर बिअरही नको, टेक्सासच्या स्टेट पार्कांत ते चालत नाही. दुसऱ्याच्या साइटमधून शॉर्टकट मारू नका. हे लोक त्या चौकोनाला आपलं अंगण समजतात. एरवी महिनोन्‌महिने शेजारी ओळख न दाखवणारा अमेरिकन इथे मात्र आपणहून पाना घेऊन धावत येतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

वीज: 30 अँपिअरच्या जोडणीवर साधारण 3,600 वॉट मिळतात. एसी चालू असताना इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) लावलात की अंधार. 50 अँपिअरवाल्या गाडीत एवढी चिंता नाही. प्लग लावताना आधी खांबावरचा ब्रेकर बंद करा. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवा, प्रेशर रेग्युलेटर लावा.

स्वयंपाक बाहेर, बाकावर. आत फोडणी दिलीत तर धुराचा अलार्म मोहरीच्या आधी तडतडेल, आणि ओट्यावर सांडलेल्या हळदीचा डाग कंपनी मोजून घेते. भांडी आधी कागदानं पुसा, मग धुवा; भाताची शितं आणि तेल सिंकच्या पाण्याच्या ग्रे टाकीत साचलं की जो वास सुटतो तो बासमतीचा नसतो.

टाक्यांबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही, मी बोलते. तिथल्या साइटवर पाणी-वीज मिळते, सांडपाण्याची जोडणी नसते. संडासाची ती ब्लॅक टाकी, सिंक-शॉवरची ती ग्रे. ब्लॅक टाकीत सुरुवातीला थोडं पाणी आणि औषध घाला, कागद आरव्हीचाच वापरा. आपल्याला पाणी लागतं, ठीक आहे, पण टमरेल भरभरून ओतलंत तर चौघांच्या घरात दोन दिवसांत टाकी काठोकाठ होते. शक्यतो पार्कच्या स्वच्छतागृहात जा. निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप धुतला जातो. हातमोजे घाला. नळीचं टोक आत नीट बसवून वर पाय ठेवा, मगच झडप ओढा. आमच्या एका मित्रानं पाय ठेवला नाही. ते बूट त्यानं तिथेच टाकले.

साप आहेत, रॅटलस्नेक. खडकाच्या फटीत हात घालू नका. दरीत मोबाईलला भरवसा नाही, नकाशे घरूनच उतरवून घ्या.

साइट दुपारी बाराच्या आत सोडायची असते. रविवारी अकराला डंप स्टेशनवर रांग लागते, म्हणून नऊला निघा. पोहे करायला वेळ मिळत नाही, ब्रेड-बटर ठेवा. खुर्च्या आत, वायर काढली, पाइप काढला, पायरी वर घेतली. आणि ऑनिंग? रात्रीच गुंडाळलंय ना?