छातीच्या पुनर्रचनेनंतरचं गरोदरपण: या चुका टाळा

गरोदर बाई वॉर्डात आली की वजन, बीपी, हिमोग्लोबिन पटापट लिहून होतं. 'आधीचं ऑपरेशन' या रकान्यात मात्र 'छातीचं' एवढंच. अगं, कॅन्सरनंतर नवा स्तन बनवायला मांस कुठून घेतलं? पोटातून, पाठीतून, की नुसतं इम्प्लांट बसवलं? जुनी फाइल मागायला दोन मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कुणाला!

माझ्या सर्वांत डोक्यात जाते ती शेकाची चूक. सातवा महिना लागलेली एक बाई होती, पुनर्रचना डावीकडे. उजवा स्तन भरून येऊन ठणकत होता. रात्रपाळीच्या शिकाऊ पोरीनं गरम पाण्याची पिशवी दोन्हीकडे आलटूनपालटून ठेवली. "चटका बसला तर सांगा हं ताई." पहाटे मी गाऊन बाजूला केला, तर डावीकडे लिंबाएवढा फोड आणि बाई गाढ झोपेत. सांगणार काय? नसा कापलेल्या, त्या कातडीला गरम-गार फारसं कळतच नाही. तेव्हापासून माझ्या पेशंटला त्या बाजूला शेक नाही आणि बर्फही नाही. रोज आंघोळीनंतर आरशासमोर उभं राहून लाली, सूज, फोड बघायचा.

पोटाचा स्नायू घेतला असेल तर "उठा" म्हणत हात धरून ओढू नका. आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, मग कोपरावर जोर देऊन उठू दे. खोकताना पोटाला फुगवटा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. 'हिचं सिझरच होणार' असं परस्पर ठोकून देऊ नका, अशा बायकांची नॉर्मल डिलिव्हरीही होते. स्नायू काढलेल्या जागी आधाराला पोटात जाळी बसवली असेल तर ते डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांना आधीच कळायला हवं.

काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला बीपीचा पट्टा नको, सुईही नको. दुसरा हात आहे ना?

दुसऱ्या स्तनात गाठ लागली तर 'दुधाची असेल' म्हणून सोडायची नाही. सोनोग्राफी गरोदरपणात चालते.

केमोत लाल सलाईन घेतलेली बाई धापा टाकत असेल तर 'दिवसांत होतंच' म्हणू नका. ते औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, टूडी इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, विचारा. टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी, चालू असताना दिवस गेले, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन.

आणि दूध. नव्या स्तनाला ते येत नाही. दुसरा धड असेल तर एका बाजूवरही बाळ पोसतं. हे मी सासूबाईंना बाळंतपणाआधीच सांगून ठेवते. नाहीतर अळिवाचे लाडू चारचारून त्या डावीकडे दुधाची वाट बघत बसतात.