जिप्सम बोर्डवर टीव्ही लावताय? आधी मागचा प्लाय शोधा

इंदूरला नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीमागे बऱ्याचदा जिप्सम बोर्ड (दाबलेल्या जिप्समची पातळ पाटी) असतो आणि कारागीर म्हणतो "भिया टेन्शन मत लो, पीछे प्लाय है", पण प्लाय नेमका कुठपर्यंत आहे ते स्वतः बघा. टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी बारीक बिटने भोक पाडा, आधी पांढरी पावडर पडते, मग बिट जरा अडतं आणि तपकिरी भुसा यायला लागतो, तो आला की लाकूड लागलं. बिट एकदम आत गेलं तर तिथे पोकळी आहे, ती जागा सोडा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, वायर बहुतेक तिथूनच जाते.

बोर्ड साधारण १२.५ मिमी आणि प्लाय १८ धरला तर ६ मिमी जाडीचा लाकडाचा स्क्रू ४० ते ५० मिमी लांब घ्या, मागे काय आहे ते बघून. पायलट भोक, म्हणजे स्क्रूआधी पाडायचं बारीक भोक, ४ मिमीचं. बोर्ड लावायचे काळे स्क्रू अजिबात नकोत, वजनाने कटकन तुटतात, आणि प्लॅस्टिकचा गुल्ला (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात तो) विटांच्या भिंतीसाठी असतो, इथे कामाचा नाही. शेवटचे आटे हातानेच आवळा, मशीनने जास्त पिळलं की बोर्ड चेपतो.

ब्रॅकेटसाठी वरची दोन भोकं पाडून लेव्हल बघा, मग खालची. बाहेर ओढायचं हातवालं ब्रॅकेट असेल तर वरच्या स्क्रूंवर ताण खूप वाढतो, म्हणून मोठ्या टीव्हीला मला फिक्स ब्रॅकेटच बरं वाटतं. टीव्ही टांगायच्या आधी रिकामं ब्रॅकेट दोन्ही हातांनी जोरात खाली ओढून बघा, आणि टीव्ही उचलायला दोघं लागतातच.