रुमालावर दोन थेंब
व्यसन सोडल्यावर संध्याकाळी जीव कासावीस होऊ लागला, की रुमालावर लॅव्हेंडर तेलाचे 1-2 थेंब टाका. रुमाल नाकापासून वीतभर लांब धरून सावकाश श्वास घ्या. सोडताना त्याहून जास्त वेळ लावा. 5 मिनिटं पुरे. परफ्यूमचा स्प्रे मात्र नको. त्यात बहुधा अल्कोहोल असतं, आणि दारू सोडलेल्याला तो भपकारा नेमका नको तिथे नेतो. जुन्या दिवसांची आठवण करून देणारा कुठलाही वास तसाच बाद. तेल पोटात घेऊ नका, थेट कातडीला चोळू नका. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू औषधं बंद करायची नाहीत. हात थरथरायला लागले, भास झाले किंवा फिट आली, तर रुमाल राहू द्या, तडक दवाखाना गाठा.