हरलेल्या हंगामाचं पान कसं वाचावं: बॉस्टन ब्रेव्हज, १९३५

नाशिकच्या एका क्रिकेट क्लबचं स्कोअरबुक मी सव्वीस वर्षं लिहिलं. लेकीकडे बॉस्टनला गेलो तेव्हा कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर जावई म्हणाला, "बाबा, इथे ब्रेव्हज फील्ड होतं." आता तिथे विद्यापीठाचं मैदान आहे, पण जुन्या तिकीटघराची इमारत अजून उभी आहे. रात्री संगणकावर तिथे खेळणाऱ्या बॉस्टन ब्रेव्हज या बेसबॉल संघाचा १९३५चा हंगाम उघडला आणि दोन दिवस डोकं खाजवलं. तुमचे दोन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय. वही-पेन्सिल घेऊन बसा.

सगळ्यात वर ३८-११५ दिसेल. विजय आधी, पराभव नंतर. शेजारी .२४८ असेल, ते विजयांचं प्रमाण, हजारातले २४८ असं वाचायचं. त्यापुढचा ६१½ हा आकडा मला आधी छापायची चूक वाटला. पहिल्या आलेल्या शिकागो कब्जचे १००-५४ घ्या. विजयांतला फरक ६२, पराभवांतला ६१, बेरीज १२३, तिचे निम्मे. म्हणजे पहिल्यापेक्षा इतके सामने मागे. एकदा हातानं करून बघा, मग विसरत नाही.

मग घर आणि बाहेर वेगळं करा. घरच्या मैदानावर २५-५०, बाहेर १३-६५. आमची पोरं मनमाडला गेली की अशीच गळपटायची, पण अठ्ठ्याहत्तरात तेरा म्हणजे फारच झालं.

आता खरी गंमत. संघानं धावा केल्या ५७५, दिल्या ८५२. दोन्हींचे वर्ग करा. केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेनं भागा आणि १५३ सामन्यांनी गुणा. उत्तर येतं ४८च्या आसपास. म्हणजे एवढ्या धावांवर साधारण ४८ विजय मिळायला हवे होते, मिळाले ३८. संघ वाईट होताच, पण वर नशिबानंही दहाएक सामने खाल्ले. हरलेल्या हंगामाला हे गणित केल्याशिवाय नावं ठेवू नका. मी आमच्या क्लबच्या जुन्या वह्यांवरही करून पाहिलं. क्रिकेटला ते लागू पडत नाही, उगाच शाई वाया गेली.

खेळाडूंच्या यादीत आधी वॉली बर्जर शोधा. ३४ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके), आणि त्याच्या फटक्यांवर घरी आलेल्या धावा १३०. दोन्ही बाबतींत तो अख्ख्या नॅशनल लीगमध्ये, म्हणजे हा संघ ज्या स्पर्धेत खेळायचा तिच्यात, पहिला, आणि संघ तळाला! संघाच्या ५७५ धावांशेजारी ते १३० लिहून ठेवा.

पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावापुढे विजय-पराभव मांडतात, ही रीत क्रिकेटवाल्याला पटायला वेळ लागतो. बेन कँटवेलपुढे ४-२५ दिसेल. लगेच 'काय हा गडी' म्हणू नका. पलीकडचा ४.६१ बघा: दर नऊ डावांमागे, म्हणजे एका पुऱ्या सामन्यामागे, त्यानं दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या वगळून. आता ५७५ला १५३नं भागा, पावणेचार येतात. मागचे फलंदाज सामन्याला पावणेचार धावा करणार आणि हा साडेचारांहून जास्त देणार. जिंकणार कुठून? शिवाय १९३३चं पान उघडा. हाच कँटवेल, याच संघाकडून, २०-१०.

बेसबॉलचा गाजलेला फलंदाज बेब रूथ याच्यापाशी मात्र सरासरीवर थांबू नका. चाळिशीचा रूथ त्या वर्षी न्यूयॉर्क सोडून इथे आला आणि २८ सामन्यांत .१८१वर अडकला. ७२ प्रयत्नांत १३ हिट (यशस्वी फटके), पण त्यातले ६ होम रन. तारखा उघडल्या की कळतं, सहापैकी तीन एकाच दिवशी, २५ मे रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर. तिसरा उजवीकडच्या छपरावरून पार बाहेर, त्याचा ७१४वा आणि शेवटचा. तो सामनाही ब्रेव्हज ११-७ हरले. आठवड्याभरात रूथनं खेळणं सोडलं. सामन्याचा निकाल आणि माणसाचा दिवस एकाच रकान्यात मावत नाहीत. म्हणून मी स्कोअरबुकात समासात नोंदी करायचो आणि सचिवांची बोलणी खायचो.

मालकाची गोष्ट तक्त्यात नसते, ती बाहेर शोधावी लागते. एमिल फुक्स कर्जात इतके रुतले होते की या मैदानावर कुत्र्यांच्या शर्यती भरवायची परवानगी त्यांनी मागितली होती. लीगनं नाकारली. हंगाम संपायच्या आधीच संघ त्यांच्या हातून गेला.

शेवटी १९३६चं पान उघडा. ब्रेव्हज हे नाव शोधत बसाल तर सापडणार नाही, मी अर्धा तास घालवला. नवं नाव बॉस्टन बीज, व्यवस्थापक तेच बिल मॅकेक्नी, आणि आकडा ७१-८३.