घोंगडीची लोकर मेंढीच्या पाठीवरच राखा

मागावर ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, सारखा तुटत असेल, तर आधी लोकर तपासा. मेंढी तापात किंवा उपाशी राहिली की त्या दिवसांत वाढलेला केस बारीक पडतो आणि पुढे तिथेच तुटतो. चिमूटभर लोकर दोन्ही टोकांना धरून कानाशी झटका द्या. मधोमध तुटली तर ती ताण्याला घेऊ नका, बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, खपवा.

विदर्भात मेंढीचा खरा कस पावसाळ्यात लागतो. काळ्या मातीचा चिखल खुरांत बसून खुरं सडतात, म्हणून वाडा मुरमाच्या उंचवट्यावर घाला. मोठ्या मेंढीला १० चौरस फूट जागा धरा. लंगडत असेल तर खूर तासून १० लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद घालून त्यातून चालवा, पण ते पाणी पिऊ देऊ नका. मोरचुदातलं तांबं मेंढीला फार लवकर बाधतं. गायी-म्हशींचं खनिज मिश्रणही म्हणूनच देऊ नये. आंत्रविषाराची लस पावसाआधी आणि जंताचं औषध पावसाच्या आधी व नंतर, पशुवैद्यकाला विचारून.

कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीच्या वावरात चराई चांगली मिळते, पण शेवटची फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारूनच कळप सोडा. सोयाबीनच्या खळ्यावर उपाशी मेंढ्या नेऊ नका. सांडलेले दाणे जास्त खाल्ले तर पोट फुगून मेंढी जाते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी किराळ, म्हणजे विषबाधा, लागते. उन्हाळ्यात तुरीचं, हरभऱ्याचं कुटार साठवलेलं असू द्या.

कातरणी वर्षातून दोनदा: एक दिवाळीच्या सुमारास, दुसरी शिमग्याच्या आधी. भर उन्हाळ्यात कातडीलगत कातरू नका, पाठ भाजते. अंगावर बोटभर केस सोडा. कातरणीच्या दोन दिवस आधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवा आणि गवतावर वाळू द्या. धुळीच्या वाडग्यात परत बसवल्या तर धुणं वाया गेलं. ओली लोकर गाठोड्यात तापते, पिवळी पडते. आदल्या रात्री चारा बंद ठेवा, रिकाम्या पोटी मेंढी शांत पडते.

डाव्या हाताने कातडी ताणून धरा, कातर आडवी ठेवा आणि एकदाच चालवा. खुंट राहिला म्हणून तिथेच पुन्हा कातरलं की तोकडे तुकडे लोकरीत मिसळतात. पिंजताना त्यांच्याच गाठी होतात, धागा तिथे जाड पडतो. जखम झाली तर लगेच हळद-तेल लावा, नाहीतर माशी बसून अळ्या पडतात.

खांदा आणि पाठीची लोकर वेगळी ठेवा, पोटाची आणि पायांची वेगळी. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सगळ्यांत मऊ. ती कधीही मिसळू नका. कुसळं, गोखरू हातानेच वेचा. एका कातरणीत मेंढीमागे साधारण अडीचशे ते चारशे ग्रॅम लोकर मिळते आणि निवडण्यात बरीच घटते. अडीच किलोच्या घोंगडीला दहा-बारा मेंढ्यांची धरा.

पिंजण कोरड्या दिवशीच. दमट हवेत लोकर तातेला, म्हणजे पिंजायच्या धनुकलीच्या दोरीला, चिकटते. लोकरीच्या अंगचा तेलकट चिकटपणा थोडा राहू द्या. गरम पाण्यात साबण लावून चोळली तर लोकर आवळते आणि पिंजता येत नाही. थंडीत चिकटपणा गोठला तर तासभर उन्हात ठेवा, मग कातायला घ्या. ताण्याचं सूत घट्ट पिळाचं, बाण्याचं सैल.

सूत तयार झालं की खळ, म्हणजे धाग्याला लावायची चिंचोक्यांची चिकट पेज. चिंचोके भाजा, तांबडं साल काढा, रात्रभर भिजवा, बारीक वाटा आणि पाण्यात ढवळत शिजवा. चमच्यावरून दाट धार पडेल तेव्हा उतरवा. कच्ची राहिली तर पापुद्रे सुटतात, फार दाट झाली तर धागे एकमेकांना चिकटतात. पसरलेल्या ताण्यावर कुंच्याने एकाच दिशेने लावा, हलक्या हाताने धागे सुटे करत राहा, पूर्ण वाळल्यावरच मागावर चढवा. विणून झालेल्या घोंगडीला पातळ खळीचा एक हात पुन्हा द्या; वीण भरून येते आणि पावसाचं पाणी लवकर आत शिरत नाही. मात्र खळ लावलेली घोंगडी ओली गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते. उन्हात खडखडीत वाळवून कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासोबत ठेवा.