इंग्लंडात वाफेच्या जुन्या रेल्वेवर व्हॉलंटियर व्हायचंय? सुरुवात कशी करायची ते सांगतो

मी मूळचा बार्शीचा. आमची बार्शी लाईट, म्हणजे कुर्डूवाडी-बार्शीची ती छोटी गाडी, लहानपणी डोळ्यासमोर होती आणि दोन हजारच्या दशकात ब्रॉडगेज झाल्यावर ती कायमची गेली, रूळ उचलले, डबे कुठे कुठे गेले. सोय झाली हे खरंच आहे, पण गाडी गेल्याचं वाईट वाटलं ते वाटलंच. नंतर नोकरीमुळे इकडे बर्मिंगहॅमच्या बाजूला आलो आणि कळलं की इथे बंद पडलेल्या लाईनी लोकांनी स्वतः वर्गणी काढून, स्वतः राबून परत चालू केल्यात आणि आजही शनिवार-रविवारी तीच माणसं त्या चालवतात, त्यात बँकेतले, शाळेतले, रिटायर झालेले, कॉलेजची पोरं सगळे. गेली काही वर्षं मीही अशाच एका लाईनवर जातोय. इकडे राहणारी बरीच मराठी मंडळी विचारतात की आम्हालाही येता येईल का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

येता येतं. रेल्वेचा अनुभव नको, इंजिनियर असायची गरज नाही, इथला पासपोर्टही लागत नाही (व्हिसाचं खाली सांगतो).

आधी हे सगळं कुठून आलं ते थोडक्यात. वेल्समध्ये टॅलिलिन म्हणून एक छोटी लाईन आहे, १८६५ पासूनची, खाणीतला स्लेटचा दगड वाहायला बांधलेली. १९५० मध्ये तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले तेव्हा ती बंदच होणार होती, पण लेखक टॉम रोल्ट आणि मंडळींनी बर्मिंगहॅममध्ये मीटिंग बोलावली, सोसायटी काढली आणि मे १९५१ पासून व्हॉलंटियर लोकांनी गाडी चालवायला घेतली. जगात पहिल्यांदा असं झालं ते तिथे. पुढे साठच्या दशकात ब्रिटिश रेल्वेने शेकडो छोट्या लाईनी बंद केल्या आणि ऑगस्ट १९६८ मध्ये वाफेच्या नेहमीच्या गाड्याही संपवल्या, तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी हाच मार्ग धरला. त्यामुळे आज तुम्ही इंग्लंड-वेल्समध्ये कुठेही राहत असलात तरी गाडीने तासा-दीड तासात एखादी लाईन सापडतेच. लेस्टरवाल्यांना लाफबराची ग्रेट सेंट्रल आहे, आठेक मैलांची आणि बराचसा भाग डबल ट्रॅकचा. बर्मिंगहॅमकडच्यांना किडरमिन्स्टरहून सुटणारी सेव्हर्न व्हॅली, लीड्स-ब्रॅडफर्डवाल्यांना कीथली अँड वर्थ व्हॅली, लंडनच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना ससेक्समधली ब्लूबेल.

लाईन निवडताना सगळ्यात मोठी, सगळ्यात नावाजलेली बघू नका, सगळ्यात जवळची बघा. हे मी मनापासून सांगतोय, कारण पहिल्या उत्साहात माणूस तीन तास ड्राईव्ह करून जातो आणि दोन महिन्यांत पाऊस, थंडी, मुलांचे क्लास असं करत करत जाणं सुटतं. रेल्वेला तुमचा एक जोरदार दिवस नको असतो, दर पंधरा दिवसांनी येणारा साधा माणूस हवा असतो.

आधी एकदा नुसते प्रवासी म्हणून जा. तिकीट काढा, या टोकापासून त्या टोकापर्यंत बसा, मधल्या स्टेशनवर उतरा, बुफेत चहा घ्या आणि काम करणाऱ्यांशी बोला. "मला इथे मदत करायला आवडेल" एवढं एक वाक्य पुरतं, समोरचा माणूस हातातलं काम ठेवून अर्धा तास बोलेल. मग वेबसाईटवरचा व्हॉलंटियरचा फॉर्म भरा. बऱ्याच ठिकाणी सोसायटीचं सभासद व्हावं लागतं, त्याची वर्षाची फी असते. फॉर्ममध्ये आपला सीव्ही चिकटवू नका, त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात. कुठल्या वारी येऊ शकता, स्वतःच्या गाडीने येणार की ट्रेनने (सकाळी सहाला काम असेल तर हे फार महत्त्वाचं) आणि बाहेर अंगमेहनतीचं काम चालेल की बसून. उत्तर यायला वेळ लागतो, ते बघणारेही व्हॉलंटियरच असतात, दोन आठवड्यांनी एक फोन करा, त्यात उद्धटपणा काही नाही.

आपल्यातले बरेच जण आयटीतले, तर फॉर्मवर ते लिहिलं की लगेच वेबसाईट नाहीतर तिकिटांची सिस्टीम गळ्यात पडते. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करा, गरज खरंच असते, पण आठवडाभर स्क्रीनसमोर बसून कंटाळून रेल्वेकडे आला असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की मला हाताने करायचं काम हवंय.

आता कामं कुठली असतात. प्रत्येकाला इंजिनावर जायचं असतं, मलाही होतं. पण तिथली वाट लांब आहे, आधी क्लीनर, मग फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा), मग ड्रायव्हर, आणि प्रत्येक पायरीला परीक्षा, वर डोळ्यांची, कानांची, रंग ओळखायची तपासणी, ड्रायव्हर व्हायला दहा वर्षंसुद्धा सहज जातात. क्लीनर म्हणजे पहाटे चार-पाचला शेडमध्ये हजर, आदल्या दिवसाची राख काढायची, चिंध्या आणि तेल घेऊन इंजिन पुसायचं, सामानाची ने-आण करायची. हे काम ज्याला मनापासून आवडतं त्यानेच त्या वाटेला जावं, कारण पुसता पुसताच इंजिनाचा एकेक भाग ओळखीचा होतो आणि कुठे तडा गेलाय, कुठला नट सैल झालाय हे पुसणाऱ्यालाच आधी दिसतं. पण माणसांची खरी चणचण बहुतेक वेळा दुसरीकडे असते, म्हणजे बुफे, तिकीट खिडकी, डब्यांची साफसफाई, डब्यांचं सुतारकाम-रंगकाम, सिग्नल आणि सगळ्यात जास्त रुळांवर. रुळांच्या डिपार्टमेंटला इथे पी-वे म्हणतात, आपल्याकडची गँगमनची गँग असते तीच. मी तिथे आहे आणि माझं मत विचाराल तर नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी.

का ते एका कामावरून सांगतो. इथल्या जुन्या लाईनींवर रूळ बीडाच्या बैठकीत बसवलेला असतो, त्या बैठकीला चेअर म्हणतात, आणि रूळ हलू नये म्हणून रूळ आणि चेअरच्या मध्ये ओक लाकडाची पाचर ठोकतात, तिला की म्हणतात. उन्हाळ्यात कोरडी हवा पडली की लाकूड आकसतं आणि पाचरी सैल होऊन बाहेर येतात. म्हणून एक जण लांब दांड्याचा हातोडा घेऊन मैलच्या मैल चालतो आणि प्रत्येक पाचरीवर टोला देत जातो. पहिल्या दिवशी मला सगळ्या सारख्याच वाटल्या. बरोबरचे काका सत्तरीचे असतील, ते म्हणाले बघू नको, ऐक. आपण माठ घेताना बोटाने वाजवून बघतो ना, अगदी तसं. घट्ट पाचर टणक वाजते, हातोडा उसळून परत येतो, सैल असली की बद्द आवाज येतो आणि दांडा हातात मरतो. साधारण दोनशे पाचरींनंतर माझ्या कानाला फरक कळायला लागला आणि तेव्हापासून ती लाईन मला आपली वाटायला लागली. त्याच रुळावरून दुपारची गाडी गेली तेव्हा आम्ही बाजूला उभे होतो, ड्रायव्हरने शिट्टी दिली, आम्ही हात वर केला. हा हात वर करायचा नियमच आहे, आम्ही तुला बघितलंय असं त्याला सांगायला.

नियमांचं बोलायलाच हवं. कुठलंही काम असो, आधी सेफ्टीचं इंडक्शन होतं आणि रुळांजवळ जाणाऱ्यांना वेगळं ट्रेनिंग देतात. या गाड्यांचा वेग बहुतेक ठिकाणी ताशी २५ मैलांपर्यंतच असतो, पण शंभर टनांचं धूड ब्रेक लावल्या लावल्या थांबत नाही. आपल्याकडे रूळ ओलांडायची सवय लहानपणापासून असते, ती इथे पूर्ण विसरा. रुळावर कधीही पाय ठेवायचा नाही, ओलांडूनच टाकायचा, कारण ओला रूळ साबणासारखा निसरडा असतो. सांध्यात, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या पॉइंट्समध्ये, पाय जाऊ द्यायचा नाही, लांबून लिव्हर ओढला की तो चिमट्यासारखा मिटतो. आल्यावर वहीत सही, जाताना परत सही.

आणि आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. इथल्या जुन्या माणसांची बोली पहिल्यांदा अजिबात कळत नाही, ऑफिसातलं इंग्रजी वेगळं आणि हे वेगळं. आपल्याला सवय असते की मोठ्या माणसाला परत परत विचारायचं नाही, मान डोलवायची. मी एकदा असाच "हो" म्हणालो आणि सांगितलं होतं त्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभा राहिलो. गाडी यायला वेळ होता, काही झालं नाही, पण मुकादमाने काम थांबवलं, जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, कळलं नाही तर दहा वेळा विचार, पण न कळता हो म्हणू नकोस. तेव्हापासून मी ऐकलेलं परत म्हणून दाखवतो, तुम्हीही पहिल्या दिवसापासून तेच करा. कोणालाही राग येत नाही, उलट विश्वास बसतो.

कपड्यांवर फार खर्च करू नका. पुढे लोखंडी टोपी असलेले आणि घोटा झाकणारे बूट मात्र स्वतःचे चांगले घ्या, खडीवर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. नारिंगी जॅकेट आणि हेल्मेट बहुधा तिथूनच मिळतं. आत सुती कपडे घाला, इंजिनाच्या आसपास पॉलिस्टर अजिबात नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. लाल आणि हिरवा रंगही रुळांजवळ टाळा, सिग्नलचे रंग ते. डबा घरून न्या, शाकाहारी असाल तर नक्कीच, कारण मेसरूममध्ये सकाळी बेकन तळत असतात. मी थालीपीठं नेतो, आता दोन जादा न्यावी लागतात. चहा करायची पाळी नव्या माणसावर येते, ती कमीपणाची गोष्ट मानू नका, कोणाला साखर किती हे लक्षात ठेवलं की आठवड्याभरात सगळ्यांची नावं पाठ होतात.

सिग्नलचं काम ज्याला शांतपणे, एकट्याने, डोकं वापरून करायचंय त्याला फार आवडेल. केबिनमध्ये लिव्हरची रांग असते, लाल ते थांबायच्या सिग्नलचे, पिवळे दूरच्या सिग्नलचे, काळे सांध्याचे, निळे सांध्याच्या कुलपाचे, पांढरे रिकामे. लिव्हरला नुसता हात लावायचा नाही, फडकं धरूनच ओढायचा, घामाने पॉलिश केलेलं लोखंड गंजतं. पुढच्या केबिनशी बोलणं घंटेच्या ठोक्यांवर, एक ठोका म्हणजे लक्ष दे, दोन म्हणजे गाडी तुझ्या हद्दीत निघाली, दोन-थांबून-एक म्हणजे गाडी सुखरूप बाहेर पडली. केबिनवाल्याने परवानगी दिली तर एक दुपार कोपऱ्यात बसून बघाच.

व्हिसाचं. स्किल्ड वर्करवाल्यांना सहसा अडचण येत नाही. स्टुडंट व्हिसावर मात्र व्हॉलंटियरिंग आणि व्हॉलंटरी वर्क यात कायद्याने फरक आहे, दुसरं असेल तर तुमच्या आठवड्याच्या तासांत मोजलं जातं, म्हणून युनिव्हर्सिटीच्या व्हिसा ऑफिसला आधी ईमेलवर विचारून लेखी उत्तर ठेवा. आईवडील व्हिजिटर म्हणून आले असतील तर नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटियरिंग चालतं, पण सगळ्या लाईनी चॅरिटी नाहीत, ते बघून घ्या आणि त्या वेळचा नियम सरकारी साईटवर तपासा. मुलांचं विचाराल तर १९२० च्या एका जुन्या कायद्यामुळे १६ वर्षांखालच्यांना रेल्वेवर कामाला घेताना अडचण येत आलीय, काही लाईनींवर त्यांच्यासाठी वेगळे ज्युनियर ग्रुप असतात, तिथे चौकशी करा.

सुरुवात कधी करायची? मी तर जानेवारी सांगेन. थंडी असते, चिखल असतो, पण बऱ्याच लाईनींवर तेव्हा गाड्या बंद असतात, त्यामुळे रुळांखालचे स्लीपर बदलणं, खडी भरणं, बॉयलर उघडणं अशी मोठी कामं तेव्हाच निघतात आणि शिकवायला लोकांना वेळ असतो. ऑगस्टमध्ये प्रवाशांच्या गर्दीत कोण तुम्हाला हातोडा धरायला शिकवणार?

आणि जमलं तर एकदा वेल्समधल्या वेल्शपूल अँड लॅनफेअरला जाऊन या. अडीच फुटी गेज, आपल्या बार्शी लाईटचा होता तोच. १९०३ ची लाईन, १९५६ ला बंद झाली आणि १९६३ पासून व्हॉलंटियरांनी परत चालू केली. बार्शी लाईट बांधणारे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, त्यांनी नंतर इथे स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड म्हणून अशीच अडीच फुटी लाईन केली, ती मात्र १९३४ लाच बंद पडली, आता तिच्या जागेवर पायवाट आहे. मी ती चाललोय. एकही रूळ उरलेला नाही, नुसती वळणं राहिलीत. वेल्शपूलला मात्र १९०२ ची दोन्ही मूळ इंजिनं आहेत, त्या गाडीच्या डब्याबाहेरच्या गॅलरीत उभा राहिलो तेव्हा रुळांची रुंदी बघूनच गळा दाटून आला.

पहिला दिवस संपला की लगेच घरी पळू नका. हत्यारं पुसून जागेवर ठेवा, हात धुवा (मेसरूममध्ये स्वार्फेगाचा डबा असतो, साध्या साबणाने ते तेल निघत नाही), वहीत सही करा आणि मुकादमाला पुढची तारीख सांगा. नक्की येणार असाल तीच सांगा. तो भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलने तुमचं नाव लिहील, स्पेलिंग चुकवेल, ते तिथल्या तिथे नीट करून द्या.